काळ कोणाचा? : थॉमस जेफरसन आणि त्याचे चरित्रकार

थोर पुरुषांच्या चरित्रचर्चेत एक वाक्य असे असते की ते उच्चारले की पुढची चर्चा खुंटते. 'शेवटी तो त्याच्या काळाचा माणूस होता' हे ते वाक्य. वर्गात, परिसंवादात, ग्रंथपरीक्षणात त्याची सतत वर्दळ असते. वरकरणी ते मोठे नम्र आहे. आजच्या मापाने कालच्या माणसाला मोजू नये, असा शहाणपणाचा सल्ला त्यात दडलेला असतो आणि त्याला नाही कोण म्हणेल? आमचे म्हणणे मात्र असे की, हे वाक्य इतिहासाची बाजू घेत असल्याचा आव आणते आणि प्रत्यक्षात इतिहासाचे दार लावून घेते. हे दाखवण्यासाठी व्हर्जिनियाचा मळेमालक, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि त्या देशाचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन (१७४३–१८२६) याच्या चरित्राइतके सोयीचे दुसरे उदाहरण आम्हांस दिसत नाही. जेफरसनचे गेल्या शतकातील सर्वांत प्रतिष्ठित चरित्र ड्युमास मलोन यांनी लिहिले. त्याचे सहा खंड १९४८ ते १९८१ या काळात निघाले, पहिल्या पाच खंडांना १९७५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या साऱ्या ग्रंथमालेचे नाव आहे 'जेफरसन अँड हिज टाइम'. आमचे भांडण त्या शीर्षकातील शेवटच्या शब्दाशी आहे. काळ, ठीक; पण कोणाचा?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मराठीत लिहिताना हा प्रश्न सर्वनामापासूनच सुरू होतो. राष्ट्राध्यक्षाला 'ते' आणि त्याच्या घरातील दासीला 'ती' असे आपण सवयीने लिहून जातो, आणि मग निकाल काय लागायचा तो व्याकरणातच लागून जातो. म्हणून या लेखात जेफरसन आणि त्याचे समकालीन, मालक असोत वा गुलाम, सर्वांना आम्ही एकेरीच संबोधणार आहोत. यात अनादर नाही. मोजायला एकच माप हवे, एवढाच हेतू.

जेफरसनचा बाप पीटर हा जमिनीची मोजणी करणारा आणि मळे बाळगणारा गृहस्थ होता. तो १७५७ मध्ये वारला तेव्हा थॉमस चौदा वर्षांचा होता. वारसाने त्याच्याकडे हजारो एकर जमीन आली आणि त्या जमिनीबरोबर माणसेही आली. पुढे विल्यम अँड मेरी कॉलेजातील शिक्षण, जॉर्ज विद या नामांकित कायदेपंडिताच्या हाताखाली वकिलीचा अभ्यास, आणि १७७२ मध्ये मार्था वेल्स स्केल्टन या तरुण विधवेशी विवाह. मार्थाचा बाप जॉन वेल्स पुढच्याच वर्षी वारला. त्याच्या इस्टेटीतून जेफरसनच्या वाट्याला सुमारे ११,००० एकर जमीन, १३५ गुलाम आणि जन्मभर न फिटणाऱ्या कर्जाचा मोठा बोजा आला. आयुष्यभरात जेफरसनने सहाशेहून अधिक माणसे मालकीने बाळगली. मोंटिचेलो या टेकडीवरच्या वाड्यातील पुस्तके, मद्ये, वाद्ये, शास्त्रीय उपकरणे, पाहुण्यांची अखंड रीघ, आणि हो, लेखनाला लागणारा तो निवांत वेळसुद्धा, या माणसांच्या श्रमावर उभा होता.

मळेमालक या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी हिरवेगार उभे राहते. त्याचा खरा अर्थ जेफरसनच्याच हस्ताक्षरात वाचावा. १७७४ पासून तो एक शेतीवही ठेवीत होता. तिच्यात माणसांची नावे, जन्मवर्षे, कोणाला किती कापड, किती घोंगड्या, किती मासळी यांच्या याद्या आहेत. मुलांच्या कामाची विभागणीही त्यात त्याने लिहून ठेवली आहे. दहा वर्षांखालील मुलांनी तान्ह्यांना सांभाळावे. दहा ते सोळा या वयात मुलग्यांनी खिळे करावेत, मुलींनी सूत कातावे. सोळाव्या वर्षी शेतावर जावे वा एखादा कसब-धंदा शिकावा. हा खिळ्यांचा कारखाना १७९४ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षे त्याने घरखर्चाला चांगला हातभार लावला. पुढे १८२० मध्ये आपल्या जावयाला, जॉन वेल्स एप्सला, लिहिलेल्या पत्रात जेफरसन हिशेब मांडतो की दर दोन वर्षांनी मूल देणारी स्त्री ही मळ्यावरच्या उत्तमातल्या उत्तम पुरुषापेक्षा अधिक किफायतशीर असते, कारण तिचे उत्पन्न भांडवलात भर घालते. हे वाक्य लिहिणारा हात आणि १७७६ मध्ये माणसांची जन्मजात समता हे स्वयंसिद्ध सत्य म्हणून नोंदवणारा हात एकच आहे.

इथे त्याच्या बाजूचे जे आहे तेही नोंदवले पाहिजे. वादात समोरच्याच्या पदरचे चोरून जिंकण्यात हशील नाही. व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्याने लिहिला आणि तो १७८६ मध्ये संमत झाला. व्हर्जिनिया विद्यापीठ त्याने उभे केले. जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देणारा एक जळजळीत परिच्छेद होता, तो काँग्रेसने गाळला. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत १८०० नंतर गुलामगिरी असू नये अशी त्याची १७८४ मधील सूचना एका मताने पडली. राष्ट्राध्यक्ष असताना १८०७ मध्ये बाहेरून गुलाम आणण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर त्याने सही केली. 'नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया' या त्याच्या हयातीत निघालेल्या एकमेव ग्रंथात गुलामगिरी मालकांना कसे भ्रष्ट करते याचे वर्णन आहे आणि ईश्वरी न्यायाच्या भीतीने तो तेथे थरथरतोही.

पण बचावाचे हे सारे पुरावे नीट पाहिले तर 'काळाचा माणूस' हा युक्तिवाद जागच्या जागी कोसळतो. ज्याला आपण काय करतो आहोत हे कळत नव्हते, त्याच्यासाठी काळाची ढाल पुढे करता येते. जेफरसनला कळत होते. त्याने ते लिहून ठेवले होते. गुलामगिरी अन्याय आहे हे एकविसाव्या शतकाने त्याच्यावर लादलेले मत नव्हे; ते त्याचेच मत होते. त्याला त्याच्याच मापाने मोजा, एवढीच आमची मागणी आहे.

आता त्या 'काळा'त आणखी कोण कोण होते ते पाहू.

१७८२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा करून मालकांना आपले गुलाम खाजगी दस्ताने वा मृत्युपत्राने मुक्त करण्याची मुभा दिली. रॉबर्ट कार्टर हा जेफरसनच्याच प्रांतातला, त्याच्याच वर्गातला, त्याच्याइतकाच बडा मळेमालक. त्याने १७९१ मध्ये एक दस्त नोंदवून साडेचारशेहून अधिक माणसांच्या क्रमाक्रमाने मुक्तीची व्यवस्था केली. जॉर्ज वॉशिंग्टन हा काही क्रांतिकारी विचारवंत नव्हता; पण १७९९ च्या मृत्युपत्रात त्याने स्वतःच्या मालकीची १२३ माणसे मुक्त करण्याची तरतूद केली. एडवर्ड कोल्स हा तर जेफरसनला गुरुस्थानी मानणारा तरुण शेजारी. त्याने १८१४ मध्ये जेफरसनला पत्र लिहून विनवले की, आपल्या शब्दाला वजन आहे, गुलामगिरीच्या अंताचे नेतृत्व आपण करावे. जेफरसनने उत्तर पाठवले. भावना थोर आहेत, पण हे काम तरुणांचे, माझे वय झाले. आणि तूही आपल्या माणसांना सोडून जाऊ नकोस, असा त्याचा आशय होता. कोल्सने तो सल्ला मानला नाही. १८१९ मध्ये तो आपल्या गुलामांना घेऊन इलिनॉयकडे निघाला, वाटेत ओहायो नदीवरच त्यांना मुक्त केले आणि कुटुंबांना १६०-१६० एकर जमीन दिली. पुढे त्या राज्याचा गव्हर्नर होऊन १८२४ मध्ये गुलामगिरीला वाट करून देऊ पाहणारी घटनादुरुस्तीची मोहीम त्याने हाणून पाडली.

आणि कर्जाचे काय? जेफरसन कर्जबाजारी होता, मुक्त करायला त्याचे हातच मोकळे नव्हते, असे सांगितले जाते. हा मुद्दा पोकळ नाही. धनकोंचा हक्क गुलामांवर चालत असे, आणि १८०६ नंतर मुक्त झालेल्यांनी वर्षभरात व्हर्जिनिया सोडावे असा कायदाही होता. परंतु पोलंडचा सेनानी तादेउश कोश्चुश्को याची गोष्टही या मुद्द्याशेजारी ठेवली पाहिजे. अमेरिकन क्रांतीत लढलेल्या या माणसाने १७९८ मध्ये मृत्युपत्र केले आणि आपली अमेरिकेतील मिळकत गुलामांना विकत घेऊन मुक्त करण्यासाठी व शिकवण्यासाठी खर्च करावी असे लिहिले. खुद्द जेफरसनच्या गुलामांसाठीही ती वापरता येणार होती, आणि मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम त्याने जेफरसनवरच सोपवले होते. कोश्चुश्को १८१७ मध्ये वारला. जेफरसनने १८१९ मध्ये ती जबाबदारी सोडून दिली. वय, प्रकृती, पुढची कज्जेदलाली ही कारणे खरी होती. कोश्चुश्कोची नंतरची मृत्युपत्रे निघून ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले हेही खरे. पण ज्याच्याजवळ पैसा नव्हता म्हणून मुक्ती अडली असे आपण शिकवतो, त्याच्यापुढे त्याच कामासाठी पैसा येऊन उभा राहिला होता, ही गोष्ट 'काळ' या शब्दाच्या पोटात मावत नाही.

हे झाले मालक. आणि आमच्या मते खरी खोच इथेच आहे. 'त्या काळी सर्वांना तसेच वाटत होते' असे म्हणताना 'सर्व' या शब्दात कोण बसते? मोंटिचेलोवर पहाटेपासून राबणाऱ्या माणसांना गुलामगिरी योग्य वाटत होती काय? ती माणसे त्या काळात जगत नव्हती काय? एखाद्या युगाची सदसद्विवेकबुद्धी ठरवताना त्या युगातील निम्म्या घरातली मते मोजायचीच नाहीत आणि वर त्याला इतिहासदृष्टी म्हणायचे, हा प्रकार विलक्षण आहे. 'त्याचा काळ' म्हणजे त्याच्या जेवणाच्या टेबलावर बसणाऱ्यांचा काळ, असे एकदा कबूल करून टाकावे. मग निदान भाषा तरी प्रामाणिक राहील.

त्या टेबलाचीही एक गोष्ट आहे. मोंटिचेलोच्या भोजनगृहात शेगडीच्या दोन्ही अंगांना तळघरातून मद्याच्या बाटल्या वर आणणारे छोटे पाळणे बसवलेले होते. एका बाजूला फिरते दार होते. त्याच्या मागच्या फळ्यांवर पदार्थ ठेवले की दार फिरे आणि अन्न आत येई, आणणारे हात बाहेरच राहत. स्वयंपाकघर, कोठारे आणि येण्याजाण्याची वाट टेकडीच्या उतारात, नजरेखाली. पाहुण्यांना या युक्त्यांचे मोठे कौतुक वाटे. आम्हांस असे वाटते की जेफरसनच्या चरित्रकारांनी पुढची दीडशे वर्षे तेच दार फिरवत ठेवले. जेवण पुढे येत राहिले, हात दिसले नाहीत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या चरित्राचा आणखी एक भाग जवळचा वाटावा, कारण जेफरसन समीक्षकही होता. फिलिस व्हीटलीला आफ्रिकेतून पळवून १७६१ मध्ये बॉस्टनला विकले गेले तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. १७७३ मध्ये तिचा इंग्रजी कवितासंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. एका काळ्या गुलाम मुलीने हे लिहिले यावर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून बॉस्टनमधील अठरा प्रतिष्ठितांचे प्रमाणपत्र पुस्तकाला जोडावे लागले. सह्या करणाऱ्यांत प्रांताचा गव्हर्नर होता आणि पुढे जाहीरनाम्यावर पहिली सही करणारा जॉन हॅनकॉकही होता. 'नोट्स'मध्ये जेफरसनने तिच्याबद्दल निकाल दिला तो असा की, धर्मभावनेतून अशी एक बाई निपजू शकते, पण कवी निपजू शकत नाही. तिच्या नावावर निघालेली रचना टीकेच्याही पात्रतेची नाही. तिचे आडनावही त्याने चुकीचे लिहिले आहे. 'नोट्स' १७८५ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम छापले गेले. व्हीटली १७८४ मध्येच दारिद्र्यात मरण पावली होती.

आता ही निव्वळ अभिरुचीची बाब म्हणून सोडून द्यावी काय? व्हीटलीची कविता अठराव्या शतकातील इंग्रजी काव्याच्या ठरीव साच्यात बसणारी आहे, असे कोणी म्हटले तर त्यावर वाद घालता येईल. पण जेफरसनचा निकाल कवितांबद्दल नाहीच. ग्रंथाच्या त्या प्रकरणात काळ्या माणसांना बुद्धी आणि कल्पनाशक्ती कमी असावी असा तर्क तो मांडत होता, आणि व्हीटली त्या तर्कात अडथळा होती. अडथळा बाजूला सारायला त्याने समीक्षेची भाषा वापरली. 'ही कविता नव्हेच' असे एका वाक्यात म्हणून टाकले की वाचायचे श्रमही वाचतात आणि सिद्धान्तही शाबूत राहतो. या युक्तीचे वंशज आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. नवे काही लिहिणाऱ्यांना 'हे साहित्य की नुसता आक्रोश' असे विचारणाऱ्यांची परंपरा मराठीतही मोठी आहे.

बेंजामिन बॅनेकरने याच सिद्धान्ताला दुसऱ्या बाजूने धडक दिली. मेरिलँडमधील या स्वतंत्र काळ्या गणितज्ञाने १७९१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंचांगाची हस्तलिखित प्रत, तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या जेफरसनला पाठवली. सोबतच्या पत्रात त्याने जाहीरनाम्यातील समतेचे वचन जेफरसनला परत म्हणून दाखवले आणि विचारले की, हे लिहिणारा माणूस माझ्या बांधवांना बंधनात कसा ठेवू शकतो. जेफरसनने अत्यंत सभ्य उत्तर दिले, पंचांग फ्रान्समधील विद्वानांकडे पाठवत असल्याचे कळवले. पुढच्या वर्षी बॅनेकरने दोन्ही पत्रे छापून टाकली. १८०९ मध्ये मात्र जोएल बार्लो या मित्राला खाजगीत लिहिताना जेफरसन म्हणाला की बॅनेकरची बुद्धी बेताचीच होती आणि त्या गणितात शेजाऱ्याची मदत असावी. तेव्हा, हा प्रश्न त्या काळात कोणी विचारलाच नव्हता असे आता कोणी म्हणू नये. तो विचारला गेला होता, लेखी, नाव-गावासकट, आणि तो जेफरसनच्या हातात पोचला होता.

आता चरित्रकारांच्या पद्धतीकडे वळू. सॅली हेमिंग्ज ही मार्था जेफरसनच्या माहेरून आलेल्या कुटुंबातली; जॉन वेल्स हाच तिचाही बाप, म्हणजे ती मार्थाची सावत्र बहीण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १७८७ मध्ये जेफरसनच्या धाकट्या मुलीची सोबतीण म्हणून ती पॅरिसला गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मार्था १७८२ मध्येच वारली होती. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये ओहायोतील एका छोट्या वृत्तपत्रात आपली हकिकत सांगितली. पॅरिसमध्ये आई मोकळी होऊ शकली असती, ती परत यायला तयार नव्हती. होणाऱ्या मुलांना एकविसाव्या वर्षी मुक्त करीन असे वचन जेफरसनने दिले तेव्हाच ती परतली. आम्ही भावंडे त्याचीच मुले, असे त्याचे सरळ, कोठेही आवाज न चढवलेले निवेदन आहे.

या साक्षीचे काय झाले? शंभर वर्षे ती जवळजवळ कचऱ्यात पडली. जेफरसनच्या नातवंडांनी आपल्या आजोबांची पाठराखण करीत भाच्यांकडे बोट दाखवले, ते प्रमाण मानले गेले. मलोन यांनी ही कथा फेटाळली. जेफरसनच्या स्वभावाशी ती विसंगत आहे हा त्यांचा मुख्य आधार होता. म्हणजे चरित्रकाराने आधी स्वभाव ठरवायचा आणि मग त्या स्वभावाच्या जोरावर पुरावा बाद करायचा! विनोद असा की सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या जन्मापूर्वी सुमारे नऊ महिने जेफरसन मोंटिचेलोवर होता, ही गोष्ट मलोन यांनीच कष्टाने जमवलेल्या कालक्रमावरून ताडून पाहता येत होती. ॲनेट गॉर्डन-रीड या कायद्याच्या अभ्यासक. त्यांनी १९९७ च्या पुस्तकात जेफरसनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापेक्षा इतिहासकारांचीच उलटतपासणी घेतली. गोऱ्या कुटुंबाची साक्ष आणि काळ्या कुटुंबाची साक्ष यांना वेगवेगळी वजने कशी लावली गेली, हे त्यांनी ओळीओळीने दाखवले. १९९८ मध्ये जनुकीय चाचणी झाली. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचा जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाशी मेळ बसला, भाच्यांशी बसला नाही. चाचणी घराणे सांगते, व्यक्ती सांगत नाही, हे खरे. पण कागदपत्रांसह विचार करून मोंटिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेच २००० मध्ये जेफरसन हा सॅलीच्या मुलांचा पिता असण्याची दाट शक्यता मान्य केली. २०१८ पासून तेथे सॅलीच्या आयुष्यावर स्वतंत्र प्रदर्शन आहे. मॅडिसनने हे सारे प्रयोगशाळेच्या सव्वाशे वर्षे आधी सांगितले होते. त्याच्या शब्दाला रक्ताच्या थेंबाची साक्ष काढावी लागली, जशी व्हीटलीला अठरा सह्यांची.

संपादकांचेही हात स्वच्छ नाहीत. शेतीवहीची आवृत्ती एडविन बेट्स यांनी १९५३ मध्ये काढली. तिच्यात दिलेल्या एका पत्रातून, खिळ्यांच्या कारखान्यातील लहान मुलांना कामचुकारपणाबद्दल फटके दिले जातात हा मजकूर गाळला गेला होता, असे हेन्री वीन्सेक यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. वीन्सेक यांच्या ग्रंथातील इतर निष्कर्षांवर अभ्यासकांनी कडक टीका केली आहे. पण गाळलेले वाक्य गाळलेलेच राहते. 'दयाळू मालक' ही प्रतिमा अशा छोट्या छोट्या गाळीव जागांतून तयार होते.

अलीकडे काळाच्या ढालीला एक अधिक देखणा पर्याय निघाला आहे. साहित्याच्या विभागांत तो विशेष लोकप्रिय. 'जेफरसन म्हणजे अंतर्विरोधांचा पुतळा, एक गूढ, एक शोकात्म विरोधाभास!' म्हटले की सर्वांची मान डोलते. आम्हांस यात गूढ काही दिसत नाही. मुक्तीवर लिहिण्याने त्याचे काही जात नव्हते, मुक्ती देण्याने सर्वस्व जात होते. त्याने पहिले केले, दुसरे टाळले. सावकारी करणारा आणि आषाढी-कार्तिकीला दानधर्म करणारा माणूस आपल्या गावात असतो, त्याला कोणी गूढ म्हणत नाही. विरोधाभास हा कवितेचा अलंकार आहे. हिशेबाच्या वहीवर तो चढवला की वहीतील माणसे अलंकाराच्या सोन्याखाली झाकली जातात.

मग काय, जाहीरनामा फेकून द्यायचा? ही धमकीवजा शंका या वादात हमखास येते. तिचे उत्तर आपल्याकडच्या दोन थोरांनी आधीच देऊन ठेवले आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण करून. आणि अर्पणाचे कारण दिले ते गुलामांना दास्यातून मुक्त करण्यात त्यांनी दाखवलेल्या औदार्याचे. अमेरिकेच्या साऱ्या वैभवातून जोतीरावांनी आदरासाठी नेमके काय वेचले ते पाहावे. मॅडिसन हेमिंग्जची हकिकत छापली गेली ते वर्षही १८७३ हेच. पुणे आणि ओहायो यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. दोन्हीकडे खालून वर पाहणारी नजर मात्र एकाच वर्षी छापखान्यापर्यंत पोचली.

दुसरे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील समारोपाच्या भाषणात त्यांनी जेफरसनचा गौरवाने दाखला दिला. एका पिढीने पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवू नये, हा जेफरसनचा विचार त्यांनी घटनादुरुस्तीच्या संदर्भात उचलला. आणि त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील भक्ती ही अधोगतीची वाट असल्याचा इशाराही दिला. दोन्ही गोष्टी एका भाषणात आहेत हा आम्ही योगायोग मानत नाही. विचार घ्यावा, तो ज्याने मांडला त्याच्यापुढे साष्टांग घालू नये. बॅनेकरने १७९१ मध्ये हेच केले होते: वाक्य उचलले आणि ते लिहिणाऱ्यालाच जाब विचारला. जाहीरनाम्याचा अर्थ वाढवला तो अशा वाचकांनी. लेखकाने तो वाढवला नाही.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी वारला. अंगावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. थडग्यावर कोणती तीन कामे कोरावीत हे त्याने स्वतः लिहून ठेवले होते: जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा, विद्यापीठ. मृत्युपत्राने पाच माणसे मुक्त झाली, सारी हेमिंग्ज कुटुंबातली. त्यांत जोसेफ फॉसेट हा लोहार होता. जानेवारी १८२७ मध्ये मोंटिचेलोवर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. जोसेफ फॉसेट मोकळा होणार होता. त्याची बायको एडिथ, जिने राष्ट्राध्यक्षाच्या निवासात फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक शिकून जेफरसनचे टेबल सांभाळले होते, आणि त्यांची मुले लिलावात उभी होती. जोसेफने पुढची वर्षे घणाचे घाव घालीत आपल्या माणसांना एकेक करून सोडवण्यात घालवली. अकरा वर्षांचा मुलगा पीटर विकला गेला. तो पुढे सुटला, सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि १८९८ मध्ये त्याने आपल्या आठवणी सांगितल्या.

त्या आठवणी उपलब्ध आहेत. मॅडिसन हेमिंग्जची हकिकत अवघ्या काही पानांची आहे. शेतीवही, बॅनेकरचे पत्र, कोल्सचे पत्र आणि जेफरसनने दिलेली उत्तरेही उपलब्ध आहेत. जे अध्यापक वर्गात जाहीरनामा शिकवतात त्यांना आमचे सांगणे इतकेच की यांतले निदान एक पान त्याच तासाला, त्याच बाकावर ठेवावे. आणि एखादा विद्यार्थी उठून म्हणाला की 'सर, पण तो त्याच्या काळाचा माणूस होता ना?', तर त्याला खाली बसवू नये. पीटर फॉसेट कोणत्या काळाचा होता, एवढे विचारावे.